आठ हिरवे दिवे

साहेब, त्या प्रमाणपत्रावरची सही तुमची आहे. चारी बाजूंनी सोनेरी कडा, खाली तुमच्या प्रशिक्षण संस्थेचा गोल शिक्का, आणि मध्ये लिहिलंय की कडुबा नेटवर्किंगचं काम करायला सक्षम आहे. हे तुम्ही खोटं लिहिलंत. तो सक्षम झाला असता, तुम्ही होऊ दिलं नाहीत. परीक्षेच्या दिवशी परीक्षक तुमच्या केबिनमध्ये पोहे खात बसले होते आणि हॉलमधून तुम्ही एकटे फिरलात. तीस जणांची परीक्षा तुम्ही पाऊण तासात उरकलीत. कडुबाच्या टेबलापाशी आलात तेव्हा त्याचं काम तुम्ही पाहिलंच नाही, फक्त माझ्याकडं पाहिलंत आणि पुढं गेलात. म्हणून आज मला बोलावं लागतंय.

मित्रांनो, मी एक जुना केबल टेस्टर आहे. तुमच्या निबंधाच्या पुस्तकात मी सापडणार नाही. दिसायला मी म्हणजे निळसर प्लास्टिकच्या दोन डब्या, एक थोरली आणि एक धाकटी. थोरलीच्या पोटात चौकोनी सेल असतो. इंटरनेटच्या केबलचं एक टोक थोरलीत खुपसायचं, दुसरं धाकटीत, आणि बटण सरकवायचं. केबलच्या आत आठ तारा असतात, माझ्या अंगावर आठ दिवे. पहिली तार इकडून तिकडं पोचली की दोन्ही डब्यांवर पहिला दिवा लागतो, मग दुसरा, मग तिसरा. ओळीनं आठही हिरवे लागले की माणूस म्हणतो, झालं काम.

पण माझी अक्कल तेवढीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. तार पोचली का, एवढंच मला कळतं. तार कोणत्या रंगाची, ती कुणाशी पीळ घालून आली, ते कळत नाही. मला रंग दिसत नाहीत; इथं सांगतोय ते सगळे ऐकीव. ही गोष्ट माझ्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेली होती म्हणे. ते खोकं कुणी वाचलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला मला ठाऊक नाही. समज आली तेव्हा मी पैठण गेटजवळच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात भावंडांबरोबर पडून होतो. दीड वर्ष तसंच गेलं. मग एक दिवस साहेबांच्या संस्थेचा माणूस आला आणि आम्हा दहा जणांना एका दिवसासाठी मागून घेऊन गेला. त्या दिवशी संस्थेत वरून तपासणी होती. आम्हाला टेबलांवर मांडलं, प्रत्येकासमोर एक विद्यार्थी बसवला, फोटो काढले. तपासणीवाले हार घालून घेऊन गेले. संध्याकाळी नऊ टेस्टर दुकानात परत गेले. मी टेबलामागं पडलो होतो, कुणाला दिसलो नाही. असा मी त्या तीस जणांच्या वर्गातला एकमेव टेस्टर झालो, तोही चुकून राहिलेला.

त्या तीस जणांत एकोणतीस पोरं विशीतली होती आणि एक कडुबा. वय शेहेचाळीस. कानाजवळ केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि हात असे की चहाचा कप धरला तरी पकडीनं धरल्यासारखा. बावीस वर्षं त्यानं टेलिफोनच्या केबलचे जोड बांधले होते, ठेकेदाराकडं. सिडको, गारखेडा, क्रांती चौक, सगळीकडं रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून. एका केबलीत शेकडो तारा. त्या तारा चुकू नयेत म्हणून जोडाऱ्यांचा एक पाढा असायचा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पहिला निळा. निळ्यापासून मोजायचं, निळ्यापासून जोडायचं. खड्ड्यात त्याचा जोडीदार होता सांडू. एकानं पाढा म्हणायचा, दुसऱ्यानं तार पुढं करायची.

मग घराघरातले फोन बंद झाले. जमिनीतलं तांबं उपसून काढायचं काम निघालं. ते कामही कडुबाला आणि सांडूलाच मिळालं. स्वतः बांधलेले जोड स्वतःच्या हातानं तोडून ते दोघं गाडीत टाकत गेले. तांबं संपलं त्या दिवशी ठेकेदारानं दोघांना घरी पाठवलं. त्यानंतर कडुबानं काय काय केलं ते लिहीत बसत नाही. मग कुणीतरी त्याला सांगितलं की नेटवर्किंग शिका, तारांचंच काम आहे, तुम्हाला सोपं जाईल.

पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून एका पोरानं विचारलं, "काका, लँडलाईन लावायला आलात का?"

"व्हय," कडुबा म्हणाला. "तुझ्या बापाच्या घरीबी मीच लावलती. बिल भरलं नाय म्हणून तोडायबी मीच गेलतो."

वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरं त्याला मान देऊ लागली. तो पोरांच्या पुढं येऊन बसायचा, वहीत सगळं उतरवून घ्यायचा. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा, त्याच्यापुढं स्वतःच्या भाषेत अर्थ. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस वही घेऊन बसतो तेव्हा त्याला किती लाज गिळावी लागते, ते विशीत कळत नाही.

शिकवायला नौशीन मॅडम होत्या. वय सव्वीस. हुशार आणि मनापासून शिकवणाऱ्या. पण शिकवायचं कशानं? केबलच्या टोकाला जो पारदर्शक कनेक्टर बसवतात, त्याचा एकच डबा वर्गाला मिळाला होता. तो एका दुपारी संपला. तारांच्या रंगांचा तक्ता मागवलाय, असं साहेब तीन महिने सांगत होते. तो शेवटपर्यंत आला नाही. फळ्यावर लिहायला काळी शाई. नौशीन मॅडमनी काळ्या शाईनं रंगांची नावं इंग्रजीत लिहिली, तीही एकेका अक्षरात. पोरांनी मोबाईलवर फोटो काढले. कडुबानं 'रंगांचा कोड' हे शब्द ऐकले आणि पेनाला टोपण घातलं.

"कलर कोड बघितला ना काका?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"बघायचं काय त्यात. तोंडपाठ हाय," कडुबा म्हणाला.

चूक इथं झाली. त्याची झाली, हे मी लपवणार नाही. त्याला वाटलं रंगांचा पाढा सगळ्या जगात एकच असतो. मॅडमना वाटलं, बावीस वर्षांचा माणूस म्हणतोय तर येत असेल. त्यांनी खात्री करायला त्याची केबल माझ्यात खुपसली. मी काय दाखवलं? आठ हिरवे दिवे.

थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. इंटरनेटच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात; जोडीत एक तार रंगीत, दुसरी त्याच रंगाच्या रेघेची पांढरी, आणि दोघींना एकमेकींचा पीळ असतो. त्या पिळामुळं बाहेरचा गोंधळ आत शिरत नाही. पण नियम असा की कनेक्टरच्या तिसऱ्या आणि सहाव्या जागी एकाच जोडीच्या दोन तारा आल्या पाहिजेत. म्हणून क्रम नारिंगीपासून सुरू होतो आणि निळी जोडी मध्ये बसते. टेलिफोनच्या पाढ्यानं निळ्यापासून ओळीनं जोड्या लावल्या, तर तिसऱ्या जागेवरची तार एका जोडीची आणि सहाव्या जागेवरची दुसऱ्या जोडीची होते. दोन्ही टोकांना तसंच केलं तर आठही तारा पोचतात. माझ्या लेखी सगळं बरोबर. केबल दोन हाताची असेल तर इंटरनेटही चालतं. लांब असेल, शेजारी यंत्र धडधडत असेल, तर मात्र घोटाळा होतो. वर्गातल्या सगळ्या केबली दोन हाताच्याच होत्या.

पुढं नौशीन मॅडमना पुण्याला नोकरी लागली. जाताना त्यांनी मला कडुबाच्या हातात दिलं. म्हणाल्या, इथं धूळ खाईल, तुम्ही घरी सराव करा, परीक्षेच्या दिवशी घेऊन या. संस्थेच्या यादीत मी नव्हतोच, त्यामुळं कुणी विचारलंही नाही.

पुंडलिकनगरात एका बंगल्याच्या मागं कडुबाची दोन खोल्यांची भाड्याची जागा. त्याची बायको गीताबाई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. दुपारी ती आली की सराव. कनेक्टर त्यानं मोजके आणले होते, म्हणून एकेक जपून. केबल झाली की तो थोरली डबी घेऊन दारात बसायचा आणि गीताबाई धाकटी घेऊन ओट्यापाशी. बटण सरकवलं की ती आतून ओरडून मोजायची, "एक... दोन... तीन..." तिच्या हाताला पीठ असायचं, ते माझ्या धाकटीच्या भेगांत बसलंय, अजून आहे. "आठ" आला की ती म्हणायची, "आता चहा ठेवते." माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेवढेच.

परीक्षा कशी झाली ते सुरुवातीलाच सांगितलं. निकालानंतर साहेबांनी संस्थेच्या दारावर मोठं फ्लेक्स लावलं. त्यावर कडुबाचा फोटो, गळ्यात हार, खाली अक्षरं: 'वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी नवी भरारी!' हार तपासणीवाल्यांसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या हारांतलाच होता. कडुबा तीन वेळा रस्त्यापलीकडं उभा राहून ते फ्लेक्स बघून आला. गीताबाईला घेऊन गेला. ती म्हणाली, फोटोत तुम्ही लई काळे आलात. पण तिनं मोबाईलवर त्याचा फोटो काढलाच.

मग शहराबाहेर शेंद्र्याला काम मिळालं. एका कारखान्यात नेटवर्कचं काम करणाऱ्या एजन्सीत. तीन महिने परीक्षेचे, नंतर कायम. मित्रांनो, हा 'कायम' शब्द बघा. बावीस वर्षांत कडुबाला कुणी एक कागद दिला नव्हता ज्यावर त्याचं नाव आणि 'कायम' हे दोन शब्द शेजारी शेजारी असतील. तो कागद तीन महिन्यांवर येऊन थांबला होता.

त्याच्यावर सुपरवायझर होता शिवराज. वय सत्तावीस. काका म्हणायचा, आणि काम सांगताना अहोजाहो करायचा. काम होतं बेचाळीस कॅमेरे बसवायचं. पत्रे दाबणाऱ्या मोठ्या मोठ्या यंत्रांवरून सत्तर-ऐंशी मीटर केबल ओढायची, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचे. दोन रविवार कारखाना बंद ठेवून काम केलं. ओढायला बाकीचे होते, टोकं सगळी कडुबानं केली. चौऱ्याऐंशी टोकं. प्रत्येक केबल माझ्यातून गेली. आठ हिरवे, आठ हिरवे, आठ हिरवे. शिवराजनं पडद्यावर बेचाळीस चौकोन पाहिले आणि कडुबाच्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी यंत्रं सुरू झाली आणि चित्रं फाटायला लागली. माणूस चालताना अर्धाच दिसायचा, थिजायचा, गायब व्हायचा. आधी कॅमेऱ्यांना दोष दिला, ते बदलले. मग सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात त्या मधल्या पेटीला दोष दिला, ती बदलली. तीन आठवडे असेच गेले. कडुबा शिडीवर चढून पुन्हा पुन्हा मला लावायचा आणि मी पुन्हा पुन्हा हिरवा व्हायचो. मला थांबता येत नव्हतं. शेवटी सगळ्यांचं मत झालं की केबलच हलकी आहे. केबल शहरातल्या अफजलभाईंच्या दुकानातून आली होती. ती परत पाठवायची, आणि अफजलभाईंकडून पुन्हा काही घ्यायचं नाही, असं ठरलं. शिवराज तसा अहवाल लिहायला बसला.

त्या दुपारी कडुबानं पुण्याला नौशीन मॅडमना फोन लावला. मी त्याच्या मांडीवर होतो, सगळं ऐकलं.

"काका, एक कनेक्टर हातात धरा. पितळी दात वर, तोंड पुढं. आता डावीकडून रंग सांगा."

"निळ्याचा पांढरा, निळा. नारिंगीचा पांढरा, नारिंगी. हिरव्याचा..."

"थांबा." मॅडमनी त्याला मध्येच अडवलं. "काका, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय. पहिला निळाच असतो."

"टेलिफोन में, काका. इथं नाही."

मग त्यांनी तिसरी जागा, सहावी जागा, पीळ, सगळं समजावलं. कडुबानं फक्त एवढं विचारलं की मग टेस्टरवर आठही हिरवे कसे. मॅडम म्हणाल्या, "टेस्टर गधा है काका. उसको रंग नहीं दिखता. ये मैंने आपको बोलना था." आणि त्या रडायला लागल्या. कडुबालाच त्यांची समजूत घालावी लागली.

घरी गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अजून कुणाला कळलंय?"

"नाय."

"मग रविवारी जा अन् गुपचूप बदलून टाका. कोण बघतंय."

"अफजलभाईची केबल परत चाललीय. त्याचा माल चांगला हाय, गीता. माझ्या हातापायी त्याचं नाव जातंय."

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मी तर रोज आठ मोजले होते." जणू काही तिनंच चुकीचं मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडुबा शिवराजसमोर उभा राहिला. अहवालाचा कागद टेबलावर होता. "केबलीचा दोष नाय," तो म्हणाला. "हात माझा चुकला. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी."

शिवराजनं चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाला, "काका, तुम्ही बोलला नसता तर चाललं असतं ना."

चार दिवस कडुबा शिडीवर होता. चौऱ्याऐंशी टोकं त्यानं कापली आणि नव्यानं बसवली, नारिंगीपासून. पाचव्या दिवशी यंत्रं धडधडत होती आणि बेचाळीस चौकोनांत बेचाळीस चित्रं दगडासारखी स्थिर होती. त्याच संध्याकाळी त्याचा गेटपास काढून घेतला. शिवराजनं खाली मान घालून सांगितलं की वरच्यांचं म्हणणं आहे, या वयात शिकणारा माणूस नको, शिकलेला पाहिजे. काम यायला लागलं त्याच दिवशी काम गेलं. 'कायम'चा कागद यायला तेव्हा सोळा दिवस बाकी होते.

कडुबा संस्थेत गेला. भांडायला नाही. दारावर स्वतःचाच फोटो, एका कोपऱ्यातून सुटलेला. आतल्या क्लार्कला त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या: माझा फोटो काढा, आणि त्या जागी रंगांचा तक्ता लावा. क्लार्क म्हणाला, साहेब बाहेर आहेत. तो पुन्हा गेला. साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा गेला तेव्हा फ्लेक्सचा सुटलेला कोपरा कुणीतरी नीट बांधून घेतला होता.

नंतरच्या चार ठिकाणी त्याला आधी वय विचारलं, मग शेंद्र्याचं काम का सुटलं ते विचारलं. तो खरं सांगायचा. आता तो गारखेड्यातल्या एका नव्या इमारतीच्या गेटवर बसतो. दिवसपाळी. डोक्यावर टोपी, समोर वही, आणि एक पडदा, ज्यावर इमारतीचे कॅमेरे दिसतात. मी त्याच्या डब्याच्या पिशवीत असतो. कशाला बाळगतो मला, कोण जाणे. पाठीवर त्यानं पांढरी चिकटपट्टी लावलीय आणि पेनानं लिहिलंय: याला रंग दिसत नाहीत.

मागच्या महिन्यात इमारतीत नवे कॅमेरे बसले, कडुबाच्या सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी लिफ्ट वरखाली होऊ लागली तसं तिसऱ्या चौकोनातलं चित्र फाटलं. कडुबा खुर्चीतून उठला. इमारतीच्या सेक्रेटरींना म्हणाला, एकदा ते टोक बघतो, दोन मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, तुम्ही गेट बघा. दुपारी सगळे झोपल्यावर त्यानं स्टूल लावलं आणि कॅमेऱ्यामागची पेटी उघडली. पारदर्शक कनेक्टर. डावीकडून पहिली तार निळ्याची. शेजारी केबलला काळी टेप, तीन वेढे, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून. असं टोक दुमडायची सवय सगळ्या शहरात एकाच माणसाला होती. खड्ड्यात बावीस वर्षं त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला.

त्यानं स्टुलावर उभ्या उभ्याच फोन लावला. सांडू लई खूश होता. म्हणाला, अरे तुझं फ्लेक्स पाहिलं, म्हटलं कडुबा झाला तर आपण का नाय. गेल्या बॅचला नाव घातलं, पास झालो, कागद मिळाला, आता काम करतोय. कडुबानं त्याला निळ्याचं सांगितलं. सांडू हसला.

"काय बोलतो राव. टेस्टर लावून बघितलंय मी. आठच्या आठ हिरवे लागले की."

मित्रांनो, तुमच्या पुस्तकातल्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मला फेकलंत तरी चालेल. पण माझ्या हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवून कुणाला पास करू नका. कनेक्टर हातात घ्या, उजेडात धरा, रंग बघा.

आणि साहेब, तुम्ही. सांडूच्या कागदावर सही कुणाची आहे? त्याच्या शेजारी बसलेल्यांच्या? कडुबाचा फोटो बघून अजून किती जोडारी तुमच्या दारात आले, आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही तक्ता दाखवलात? माझ्या अंगावर आठ दिवे आहेत, डोळा एकही नाही. तुम्हाला दोन होते. त्या दिवशी कडुबाच्या टेबलापाशी उभे असताना तुम्ही कुठं बघत होतात?

उत्तर द्या. मला नाही दिलंत तरी चालेल. गारखेड्याच्या गेटवर जाऊन त्याला द्या. तो सकाळी आठपासून तिथंच असतो.